श्रीलंकेला कधी जावं? इंदूरकरांसाठी तारखा आणि मार्ग ठरवण्याची पद्धत

इंदुरातल्या आपल्या मराठी मंडळात, सोसायटीत, लग्नकार्यात श्रीलंकेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जायला सगळ्यात चांगला महिना कोणता?" मी त्यावर उलट विचारते, "तुमच्या सुट्ट्या कधी आहेत?" ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडले तर या बेटाचा एक ना एक किनारा बहुतेक वेळा कोरडा असतो. त्यामुळे महिना शोधत बसू नका. आपली सुट्टी पक्की करा आणि त्या सुट्टीत कोरडा असणारा भाग निवडा. तारीख आधी, मार्ग नंतर. बहुतेक घरांत याच्या नेमकं उलट होतं. आधी पॅकेजचा कागद हातात येतो, त्यावर कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा अशी नावं छापलेली असतात आणि मग "मे महिन्यात मुलांना सुट्टी आहे, तेव्हाच करू" असं ठरतं.

मी स्वतः हे सगळं करून पाहिलं आहे आणि नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांचे मार्ग आखून दिले आहेत. त्यातून बसलेली पद्धत पायरीपायरीने लिहिते.

1. आधी तिथल्या पावसाचं गणित समजून घ्या

आपल्या माळव्यात पाऊस वर्षातून एकदाच येतो. जूनच्या मध्यावर सुरू होतो, सप्टेंबरअखेर परततो, की पुढचे आठ महिने छत्री माळ्यावर. हेच चित्र डोक्यात ठेवून श्रीलंकेचा विचार केला तर फसायला होतं, कारण तिथे दोन मोसमी पाऊस आहेत.

बेटाच्या मध्यभागी डोंगर आहेत. त्यातला सर्वांत उंच पिदुरुतलागला 2524 मीटरचा. मे ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून येतो, या डोंगरांना अडतो आणि कोलंबो, बेंटोटा, गॉल, रत्नपुरा आणि डोंगराच्या पश्चिम उतारांवर पाऊस टाकतो. त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमालीत ऊन असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत वारा ईशान्येकडून येतो आणि चित्र उलटतं: त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफना ओले, दक्षिण-पश्चिम किनारा कोरडा. मधल्या दोन फटींत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. मार्चमध्ये त्या तुरळक असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र त्या बेटभर जोरात पडतात, आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा मोसमही तोच.

बेट छोटं दिसतं म्हणून "पाऊस असला तर सगळीकडेच असेल" असं समजू नका. पश्चिम उतारांवर काही ठिकाणी वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तर आग्नेयेला हंबनटोटा आणि वायव्येला मन्नारकडे साधारण 1000 मिलिमीटर, म्हणजे आपल्या इंदूरइतकाच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कँडीहून एलाकडे जाणाऱ्या रेल्वेत खिडकीची जागा धरा. पट्टिपोला हे तिथलं सर्वांत उंच स्टेशन, जवळजवळ 1900 मीटरवर. ते सोडलं की गाडी एका बोगद्यात शिरते. जुलैमध्ये बोगद्याच्या अलीकडे खिडकीची काच धुक्याने पांढरी असते, पावसाचे थेंब तिरके ओघळत असतात, लोक शटर ओढून, शाली गुंडाळून बसलेले. बोगद्याच्या पलीकडे ओहियाकडे गाडी बाहेर पडली की बऱ्याचदा लख्ख ऊन, कोरडं गवत आणि खाली दूरवर पसरलेली दरी. बोगद्याच्या अंधारात ऋतू बदलतो. डोंगराची भिंत ती हीच, आणि तुमच्या सहलीचं यशापयश बरंचसं याच भिंतीच्या कुठल्या बाजूला मुक्काम ठरवता यावर आहे.

2. आपल्या सुट्टीप्रमाणे बाजू निवडा

*मे-जूनची सुट्टी.* मुलांच्या शाळांमुळे इंदूरहून सर्वाधिक कुटुंबं याच वेळी निघतात, आणि सर्वाधिक हिरमोडही याच वेळी होतो. पॅकेजं बहुतेक बारमाही एकाच साच्याची असतात, त्यात शेवटचे दोन दिवस "बीच स्टे, बेंटोटा" असतोच. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या किनाऱ्यावर समुद्र मातकट असतो, लाटा एकामागून एक फुटत असतात, वाळूत लाल झेंडा रोवलेला असतो आणि गुडघाभर पाण्यात गेलं तरी रक्षक शिट्टी मारून परत बोलावतो. तो शिट्टी मारतो ते योग्यच आहे. त्या दिवसांत आत खेचणारे प्रवाह असतात, मुलांना पाण्यात सोडू नका. मे 2016 आणि मे 2017 अशा लागोपाठच्या वर्षी याच काळात नैर्ऋत्य भागात मोठे पूर आले, दरडी कोसळल्या.

म्हणून मे-जूनमध्ये जायचंच असेल तर विमानतळावरून दक्षिणेला वळूच नका. सरळ सिगिरिया-दंबुल्लाकडे जा, तिथून पोलोन्नरुवा आणि मग पूर्वेला त्रिंकोमाली. निलावेलीचा किनारा, पिजन आयलंडचे प्रवाळ, कोणेश्वराचं देऊळ, हे सगळं या दिवसांत उत्तम असतं. डोंगर हवाच असेल तर नुवारा एलियापेक्षा एला निवडा, ते भिंतीच्या कोरड्या बाजूला आहे. ऊन मात्र कडक असतं. इंदूरच्या मेइतका पारा चढत नाही, पण हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही. सिगिरियाच्या सुमारे बाराशे पायऱ्या सकाळी दार उघडताच चढायला लागा, दहानंतर ज्येष्ठांना घेऊन चढू नका.

एजंटला फोनवर एकच वाक्य सांगा: "भाऊ, बेंटोटा काढा, निलावेली घाला." तो म्हणेल की लांब पडतं. कोलंबोहून रस्त्याने सहा-सात तास लागतात, हे खरं आहे. पण तुम्ही सिगिरियापर्यंत आलेलेच असता, तिथून निम्म्याहून कमी अंतर उरतं.

*दिवाळीची सुट्टी.* माझं स्पष्ट मत: दिवाळीत श्रीलंका टाळा. दोन्ही किनारे बेभरवशाचे, दुपारी विजा, डोंगरात दरडींचा धोका. 2025 च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दितवा चक्रीवादळाने तिथे फार मोठी जीवितहानी केली, रस्ते आणि डोंगरातली रेल्वे उखडली. दिवाळीशिवाय दुसरी सुट्टीच मिळत नसेल तर ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येणाऱ्या वर्षी जा, फिरणं सकाळी उरका, दुपार मुक्कामावर काढा आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

*डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी.* दक्षिण-पश्चिम किनाऱ्याचा हाच खरा हंगाम. गॉलचा किल्ला, उनावटुना, मिरिस्सा, बेंटोटा या वेळी करा. समुद्र शांत, आकाश निळं. नाताळ ते 5 जानेवारी हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि किनाऱ्यावर युरोपातून आलेल्यांची गर्दी असते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी मिळाला तर तोच घ्या. सिगिरिया-अनुराधपुरा भागात डिसेंबर-जानेवारीत पाऊस येऊ शकतो, तिथे एक दिवस मोकळा ठेवा. त्रिंकोमाली या काळात नको.

*मार्च.* याचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि मला विचाराल तर इंदूरकरांसाठी हाच सर्वांत चांगला. बऱ्याच शाळांच्या परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत संपतात, नवीन सत्र एप्रिलच्या सुरुवातीला. मधले आठ-दहा दिवस सहसा आजोळी नाहीतर घरातच जातात. त्या दिवसांत दक्षिण किनारा अजून चांगला असतो, डोंगर कोरडे, पूर्व किनाऱ्याचा समुद्र निवळायला लागलेला, आणि जानेवारीची गर्दी ओसरलेली. राजवाड्याची गेर चुकवायची नसेल तर रंगपंचमी बघून त्याप्रमाणे तिकीट काढा. आम्ही तसंच करतो.

*जुलै-ऑगस्ट.* शाळेची मुलं बरोबर नसतील, निवृत्त मंडळी असतील, तर हा काळ जरूर घ्या. पूर्व किनारा आणि प्राचीन शहरं कोरडी असतात, आणि सणांचा व हत्तींचा मोसम असतो, तो पुढे सांगते.

3. जे पाहायचं त्याचं वेळापत्रक वेगळं तपासा

हवामान जुळलं तरी तुम्हाला हवी ती गोष्ट त्या महिन्यात असतेच असं नाही.

निळे देवमासे मिरिस्साच्या समुद्रात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल दिसतात, त्रिंकोमालीकडे मे ते ऑगस्टच्या सुमारास. मेमध्ये मिरिस्साची बोट विकणारा भेटला तर पैसे देऊ नका.

मिन्नेरियाच्या तलावावर हत्तींचे कळप जुलैपासून जमायला लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वाधिक असतात. कोरड्या दिवसांत पाणी मागे सरकतं, तळातली जमीन उघडी पडते, तिच्यावर कोवळं गवत उगवतं आणि ते खायला आजूबाजूच्या जंगलातून कळप येतात. संध्याकाळी चारच्या सुमारास जीप काठावर थांबते तेव्हा माद्या सोंडेने गवताचा झुबका उपटतात, पायावर आपटून माती झाडतात आणि मगच तोंडात घालतात, आणि पिल्लं त्यांच्या पोटाखालून डोकावत असतात. पाणी उशिरापर्यंत भरलेलं असेल तर कळप शेजारच्या कावुडुल्लात जातात, म्हणून जीप ठरवण्याआधी "आज हत्ती कुठे आहेत?" हे चालकालाच विचारा.

बिबट्यांसाठी 'याला' नावाचं राष्ट्रीय उद्यान. त्याचा मुख्य विभाग बहुतेक वर्षी सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो.

श्रीपाद, म्हणजे अॅडम्स पीक, 2243 मीटर. यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेला, आपल्या दत्तजयंतीच्या सुमारास सुरू होतो आणि मेमधल्या वेसाकपर्यंत, म्हणजे त्यांच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत, चालतो. एरवीही चढता येतं, पण पायऱ्यांवरचे दिवे आणि चहाची दुकानं बंद असतात, आणि पावसात पायऱ्या निसरड्या होतात.

कँडीचा एसला पेराहेरा जुलै-ऑगस्टमध्ये दहा दिवस चालतो. सजवलेले हत्ती, मशाली, ढोल आणि कँडीयन नर्तक रात्री रस्त्यावर उतरतात. तो साधारण आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास संपतो. शेवटच्या रात्रींसाठी खोल्या महिनोन्महिने आधी भरतात, दर कित्येक पटींनी वाढतात. याच मोसमात जाफन्यात नल्लूरच्या मुरुगन देवळाचा पंचवीस दिवसांचा उत्सव असतो.

रामायणाशी जोडलेली ठिकाणं बघायची म्हणून बरीच ज्येष्ठ मंडळी येतात. त्यांच्यासाठी नुवारा एलियाजवळच्या सीता एलियाचं देऊळ मुख्य. तिथे जानेवारी ते मार्च सर्वांत सोयीचे, मात्र रात्री कडाक्याची थंडी असते. जून-जुलैत तिथे गार पाऊस आणि धुकं असतं, सासू-सासऱ्यांना घेऊन जाऊ नका.

4. कॅलेंडरवर पौर्णिमा पाहा

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी मद्यविक्री बंद, बँका-कचेऱ्या बंद, आणि देवळांत गर्दी. तुमच्या भिंतीवरचं कालनिर्णयच इथे उपयोगी पडतं: पौर्णिमा कधी आहे ते बघा आणि त्या दिवशी कँडीचं दंतमंदिर, म्हणजे बुद्धाचा दात जपून ठेवलेलं देऊळ, ठेवायचं की नाही ते ठरवा. पांढऱ्या कपड्यांतले भाविक, तेलाचे दिवे, कमळं हे सगळं पाहायचं असेल तर जरूर ठेवा, घाईत असाल तर टाळा. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, आणि अधिक मास असलेल्या वर्षी वेसाकसारखा सण आपल्या बुद्धपौर्णिमेपासून महिनाभर दूरही जाऊ शकतो. म्हणून अंतिम तारीख त्यांच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीतूनच घ्या.

वेसाकला रस्तोरस्ती कागदी आकाशकंदील लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण-सरबत देणारे मांडव उभे राहतात. ते पाहण्यासाठी थोडा पाऊस सोसायलाही हरकत नाही.

13-14 एप्रिल मात्र सांभाळा. सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. शहरं रिकामी होतात, दुकानं आणि छोटी हॉटेलं काही दिवस बंद, बस-रेल्वे खचाखच. त्याच वेळी कोलंबोतली कुटुंबं नुवारा एलियाला जातात, फुलं आणि घोड्यांच्या शर्यती असतात, आणि खोल्यांचे दर एकदम चढतात.

5. इंदूरहून विमान: जोडणी कुठे घ्यायची

इंदूरहून कोलंबोला थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावंच लागतं. कुठे बदलायचं हेही ऋतूवर ठरवा.

डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीमार्गे जाऊ नका. धुक्यामुळे पहाटेची विमानं तासन्‌तास अडकतात आणि पुढची जोडणी हातची जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नईही जपून: डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळात तिथला विमानतळ पाण्यामुळे बंद ठेवावा लागला होता. या महिन्यांत मुंबई किंवा बंगळुरू घ्या. मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चेन्नई सोयीचं आणि बहुधा स्वस्त पडतं.

स्वस्त पडतं म्हणून इंदूर-चेन्नई एक तिकीट आणि चेन्नई-कोलंबो दुसरं, असं काढणारे बरेच असतात. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही परत देत नाही, आणि सामान मधे उचलून पुन्हा द्यावं लागतं. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगळी काढलीच तर मधे किमान पाच-सहा तास ठेवा.

तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला जाणारी प्रवासी बोट ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. जाफना बघायचं असेल तर ती चांगली, पण ईशान्य मोसमी पावसात समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात. नोव्हेंबर-डिसेंबरात तिच्या भरवशावर राहू नका.

6. कागदपत्रं

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांतच संपतो. मोठ्यांचे सगळे पाहून होतात आणि नेमका मुलाचा राहतो, तो आजच उघडून बघा.
- ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना. शुल्क आणि सवलती वारंवार बदलतात, त्यामुळे अर्ज फक्त श्रीलंकेच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. हुबेहूब दिसणारी खाजगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट एलके" आहे का ते पाहा.
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, छापून.
- प्रवास विमा. पावसामुळे सहल रद्द किंवा खंडित झाली तर भरपाई मिळते का, ते कलम वाचूनच घ्या.
- ज्येष्ठांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

सिगिरिया, पोलोन्नरुवा अशा ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट कमी दराने मिळतं. खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो, तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. यूपीआय फेब्रुवारी 2024 पासून तिथे सुरू झालं आहे, तरी छोट्या गावांसाठी श्रीलंकन रुपये रोख ठेवा.

7. बुकिंगचा क्रम

सुट्टीची तारीख, मग बाजू, मग विमान, मग डोंगरातल्या खोल्या, शेवटी किनाऱ्यावरच्या. कँडी-एला रेल्वेचं आरक्षण सुमारे महिनाभर आधी उघडतं आणि हंगामात लगेच संपतं. दरडी पडल्यावर ही लाइन आठवडेच्या आठवडे बंद राहू शकते, म्हणून गाडीवरच सगळा बेत उभारू नका, रस्त्याने जाण्याची सोय चालकाशी बोलून ठेवा.

8. निघण्याच्या आठवड्यात

मोबाइलवरच्या हवामान ॲपमध्ये सातही दिवस ढग आणि थेंब दिसले की घरात चर्चा सुरू होते, रद्द करायचं का. दिवसाचं चित्र बघू नका, तासागणिक बघा. दुपारी तीन ते सहा सरी आणि सकाळ मोकळी असेल तर बिनधास्त निघा, फक्त फिरणं सकाळी सहाला सुरू करा. आणि कोलंबोचं हवामान बघून त्रिंकोमालीचा निर्णय घेऊ नका, प्रत्येक मुक्कामाचं नाव टाकून वेगळं बघा.

डोंगरात जाणार असाल तर श्रीलंकेच्या हवामान खात्याचे इशारे आणि तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था देते ते दरडींचे इशारे रोज तपासा. ते जिल्ह्याप्रमाणे आणि पिवळा, केशरी, लाल अशा पातळ्यांत असतात. तुमच्या मुक्कामाच्या जिल्ह्यावर लाल असेल तर तो मुक्काम बदला, हॉटेलवाला काहीही म्हणो.

बॅगेत घडीची छत्री, डासांचं मलम, देवळांसाठी गुडघे आणि खांदे झाकणारे फिक्या रंगाचे कपडे, आणि नुवारा एलिया असेल तर इंदूरच्या जानेवारीत लागतो तसा स्वेटर. डासांचं मलम विसरू नका: तिथे डेंग्यू दोन्ही मोसमी पावसांच्या मागोमाग वाढतो, जून-जुलैत आणि पुन्हा वर्षाच्या अखेरीस. तिथल्या नव्या हॉटेलांत तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, आपली गोल पिन बसत नाही, तेव्हा एक ॲडॉप्टरही टाका.